कराचीचे लग्न, कोकणचे सांदण

रमजानच्या महिन्यात मुस्लिम घरांत सहसा लग्ने होत नाहीत. या महिन्यात निकाहला मनाई आहे असे नाही. पण दिवसभराचा रोजा, संध्याकाळचा इफ्तार आणि रात्रीची तरावीहची नमाज यांत मांडव घालायला आणि पंगती उठवायला सवड कुणाला असते? म्हणून ईदचा चाँद दिसला, शव्वाल महिना लागला की लग्नसराई सुरू होते. हल्ली ईद उन्हाळ्याच्या तोंडावर येते. आखातातली मुले रजा घेऊन येतात, मुंबईचे चाकरमानी उतरतात आणि पाऊस पडायच्या आत राजिवडा, मिरकरवाडा, शिरगाव, कर्ला अशा मोहल्ल्यांत आणि गावांत एकापाठोपाठ एक मांडव उभे राहतात.

त्यामुळे रमजानच्या शेवटच्या दिवसांत राम आळीत ईदची खरेदी आणि लग्नाचा बस्ता एकाच गर्दीत चाललेला असतो. या गर्दीत गेली काही वर्षे एक शब्द सारखा कानावर पडतो, तो म्हणजे ‘पाकिस्तानी’. पाकिस्तानी सूट, पाकिस्तानी गरारा, पाकिस्तानी पद्धतीची मेंदी. यातले बरेचसे कापड सुरतेहून आलेले असते, हे दुकानदारालाही माहीत असते आणि गिऱ्हाइकालाही. तरी मागणी त्याच नावाची. याचे मूळ टीव्हीत आहे. २०१४ साली ‘जिंदगी’ वाहिनीवर पाकिस्तानी मालिका दिसू लागल्या. रत्नागिरीतल्या हिंदू आणि मुस्लिम घरांतल्या बायकांनी त्या सारख्याच आवडीने पाहिल्या. २०१६ मध्ये वाहिनीने त्या बंद केल्या, तोवर मोबाइल हाती आला होता. त्या मालिकांत चार-सहा भाग गेले की एक लग्न येतेच: पिवळ्या कपड्यांतली नवरी, ढोलकीवर गाणाऱ्या मैत्रिणी, झेंडूच्या माळा, सजवलेला रंगमंच आणि न संपणारे जेवण.

ते पाहून अनेकांची समजूत होते की मुसलमानांचे ‘खरे’ लग्न असेच असते आणि कोकणातले साधे लग्न म्हणजे त्याची गावठी आवृत्ती. हिंदू शेजाऱ्यांना तसे वाटले तर नवल नाही. पण हल्ली मोहल्ल्यातल्या तरुण मुला-मुलींनाही तसेच वाटू लागले आहे. म्हणून हे तिकडचे लग्न नेमके काय आहे आणि आपल्याकडचे काय, हे एकदा शेजारी ठेवून पाहायला हवे.

तिकडचे रिवाज कुठून आले?

पहिली गोष्ट ही की, ‘पाकिस्तानी लग्न’ असे एकच एक लग्न नाही. मालिकांत दिसते ते मुख्यतः कराची आणि लाहोरच्या सुखवस्तू घरांतले. त्यातले कराचीचे रिवाज पाहिले तर ते लखनऊ, दिल्ली, हैदराबादहून फाळणीच्या वेळी गेलेल्या कुटुंबांनी सोबत नेलेले आहेत. लग्नाआधी नवरीला पिवळे कपडे घालून घरात बसवायचे आणि बेसन-हळदीचे उटणे लावायचे, याला ‘मायों’ किंवा ‘मांझा’ म्हणतात. निकाहनंतर नवरा-नवरीच्या डोक्यावर ओढणी धरायची, समोर कुराण आणि आरसा ठेवायचा आणि दोघांनी एकमेकांचे तोंड पहिल्यांदा आरशात पाहायचे, ही ‘आरसी-मुसहफ’. नवऱ्याचे जोडे मेव्हण्यांनी लपवायचे आणि पैसे उकळायचे, ही ‘जूता छुपाई’.

मराठी वाचकाला यात परके काय वाटावे? अंतरपाट दूर झाल्यावर होणारी नजरानजर आणि आरशातली नजरानजर यांत फरक तो किती? मेव्हण्याने नवरदेवाचा कान पिळून भेट वसूल करण्याची आपली कानपिळी हीच जूता छुपाईची बहीण. सेहरा आणि मुंडावळ्या यांचे नाते तर समोरच दिसते.

पंजाबात ढोल, भांगडा आणि घोडीवरची वरात आहे. ती सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच. सिंधमध्ये नवरा-नवरीची डोकी एकमेकांना हळूच टेकवण्याचा रिवाज आहे. पठाण आणि बलुच समाजात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना रक्कम देण्याची पद्धत आहे. पठाण तिला ‘वलवर’ म्हणतात, बलुच ‘लब’. म्हणजे एकाच देशात, एकाच धर्माच्या लोकांत, लग्ने चार तऱ्हांची. कारण लग्न धर्माच्या चौकटीत होत असले तरी ते नटते त्या-त्या मातीच्या रितीने.

निकाहला लागते किती?

धर्माची चौकट मात्र फार लहान आहे. निकाह हा करार आहे. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने कबूल करायचा, दोन साक्षीदार हवेत आणि मेहर ठरायला हवी. काझी खुतबा वाचतात, दुआ होते, खजूर किंवा खारका वाटल्या जातात. इतक्यात लग्न पुरे होते.

मेहर हा यातला कळीचा शब्द. नवऱ्याने नवरीला द्यायची ती रक्कम किंवा वस्तू. तिच्यावर बापाचा, भावाचा, सासरचा हक्क नाही. ती फक्त तिची. भारताच्या १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यातही मेहर ही हुंड्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे, कारण तिची दिशाच उलटी आहे. जवळ काहीच नसलेल्या एका माणसाला पैगंबरांनी लोखंडाची अंगठी तरी आण असे सांगितले आणि तीही मिळेना, तेव्हा त्याला येत असलेल्या कुराणाच्या आयती नवरीला शिकवणे हीच मेहर मानली, अशी हदीस आहे.

जेवणाचेही तसेच. निकाहनंतर मुलाकडून दिले जाणारे जेवण म्हणजे वलीमा. एक बकरी का होईना कापून वलीमा करावा, असा सल्ला पैगंबरांनी आपल्या एका सोबत्याला दिला होता. पण खुद्द त्यांच्या आणि हजरत सफिया यांच्या निकाहच्या वलीम्यात मांस नव्हते. खजूर, वाळवलेले दही आणि तूप एवढेच होते. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात त्या जेवणाला हदीसमध्ये सर्वांत वाईट जेवण म्हटले आहे. रमजानमध्ये भुकेची किंमत कळते म्हणतात. तिथे हे वचन आठवायला हरकत नाही.

कोकणी मांडव

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई पंथाचे आहेत. भारत-पाकिस्तानातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी. अरबस्तानाशी समुद्रमार्गे असलेल्या जुन्या नात्याची ही खूण. लग्नात हा फरक एका जागी दिसतो. मुलीची संमती दोन्हीकडे घेतात. पण शाफई पद्धतीत मुलीचा वली, म्हणजे बाप किंवा जवळचा पुरुष नातेवाईक, असल्याशिवाय निकाह होत नाही. हनफी मतानुसार सज्ञान मुलीचा स्वतःचा होकार पुरेसा ठरतो. म्हणून कोकणी निकाहमध्ये बापाने मुलीचा हात देण्याचा क्षण फार जड असतो. नवरदेवासमोर बसून ते शब्द त्याला स्वतः उच्चारावे लागतात, किंवा काझींना तसा अधिकार द्यावा लागतो.

बाकी सारे इथल्या मातीचे. लग्न ठरल्यावर होतो तो साखरपुडा. या शब्दाला मोहल्ल्यातही दुसरा शब्द लागत नाही. मांडव पडतो. हळद लागते, आणि हळदीची गाणी कोकणी बोलीत म्हटली जातात. त्या गाण्यांत सासू येते, नणंद येते, होडी येते, परदेशी गेलेला नवरा येतो. नवरीच्या गळ्यात काळ्या मण्यांची गळसरी पडते. काही मौलवी हळदीला आणि अशा रिवाजांना विरोध करतात. धर्मात नसलेली गोष्ट धर्म म्हणून करू नये, हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका हळद धर्म म्हणून लावत नव्हत्याच. पोरीचे अंग उजळावे, चार बायका जमाव्यात, तिने चार घटका रडून घ्यावे, यासाठी त्या हळद लावत.

आणि या साऱ्यामागे असते जमात. लग्नाची तारीख जमातीला कळवायची, मोठी भांडी जमातीकडून आणायची, तांदूळ निवडायला आणि नारळ खोवायला मोहल्ल्यातल्या बायका यायच्या, वाढायला पोरे उभी राहायची. हिंदू शेजाऱ्यांसाठी शाकाहारी जेवणाची चूल वेगळी मांडायची. लग्न घराचे असले तरी काम मोहल्ल्याचे असे. खर्च त्यामुळेच आवाक्यात राही.

कोरमा तिकडे, नारळ इकडे

जेवणात तर दोन्हीकडचे अंतर ताटावरच दिसते. तिकडच्या लग्नाचे जेवण गहू, तूप आणि बासमतीचे. कोरमा आणि नान, बिर्याणी किंवा पुलाव, सीख कबाब. पेशावरकडे काबुली पुलाव, क्वेट्ट्याकडे निखाऱ्यांच्या धगीवर भाजलेली सज्जी. गोडात जर्दा, म्हणजे आपला केशरी भातच. ‘जर्द’ म्हणजे फारसीत पिवळा. जर्दा आणखी नटवून, रंगीबेरंगी भात, खवा आणि मेवा घालून केला की मुतंजन. हिवाळ्यातले लग्न असेल तर शेवटी काश्मिरी चहा. हिरवी चहापत्ती सोडा घालून तासन्‌तास उकळायची, वरून खाली ओतत फेटायची आणि दूध घातले की ती गुलाबी होते.

कोकणी लग्नाचे जेवण तांदूळ आणि नारळाचे. तांदळाची भाकरी किंवा वडे, नारळाच्या वाटणातले मटण, डाळगोश्त, आणि अकनी. यखनीचा, म्हणजे मटणाच्या सत्त्वाचा, भात कोकणी तोंडात अकनी झाला. गोडाला शिरवळ्या: तांदळाच्या उकडीच्या हाताने दाबलेल्या शेवया आणि त्यावर गूळ घातलेला नारळाचा रस. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या हिंदू घरांतले शिरवाळे ते हेच.

पण लग्नाच्या पंगतीचा मान सांदणाचा. रत्नागिरीच्या हिंदू वाचकाला सांदण म्हटले की बरक्या फणसाचे किंवा आंब्याच्या रसाचे पिवळे सांदण आठवेल. मोहल्ल्यातले सांदण पांढरे असते. तांदूळ धुऊन, वाळवून त्याचा रवा काढायचा. त्यात नारळाचे दूध आणि थोडी साखर घालून पीठ आंबवायचे. पूर्वी त्यासाठी माडी वापरत, आता बहुतेक घरांत यीस्ट. पीठ फुगून आले की लहान वाट्यांत ओतायचे आणि उकडायचे. चांगले सांदण स्पंजासारखे हलके असते, बोटाने दाबले तर परत वर येते. ते नारळाच्या गोड रसात बुडवूनही खातात आणि मटणाच्या रश्श्यासोबतही.

सांदणाची गोम अशी की ते घाईने होत नाही आणि एकट्याने होत नाही. पन्नास घरची पंगत असेल तर शेकड्यांनी वाट्या लागतात. आदल्या दिवशी रवा, रात्री पीठ, पहाटे उकड. पीठ किती आंबले हे घड्याळ सांगत नाही. झाकण उघडून वास घेणारी एखादी जाणती बाई सांगते. उकाडा असेल तर तास कमी, गारवा असेल तर जास्त. ही विद्या कुठे लिहिलेली नाही. हल्ली सभागृह ठरते, आचारी ठरतो, तो मेन्यूचा कागद पुढे करतो. त्यात कोरमा असतो, काश्मिरी चहाही असते, सांदण नसते. आचाऱ्याला ते परवडत नाही आणि मागणारे कुणी उरले नाही.

कराचीतले कोकण

गंमत म्हणजे ज्या शहराच्या लग्नांची इकडे नक्कल होते, त्या कराचीत कोकण आहे. तिथे ‘कोकण सोसायटी’ नावाची वसाहत आहे आणि रत्नागिरी-रायगडाच्या गावांची नावे आडनाव म्हणून लावणारी कुटुंबे आहेत. ती फाळणीच्याच वेळी गेली असेही नाही. १८४७ ते १९३६ सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबई आणि कराची ही एकाच इलाख्याची दोन बंदरे; कोकणातला खलाशी, सारंग, गोदी कामगार नोकरीसाठी जसा मुंबईला जाई तसा कराचीलाही जाई. शिक्षणखात्यातले मराठी अधिकारीही गेले; नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. नोकरीसाठी गेलेल्या माणसाला १९४७ साली कळले की आपण परदेशात आहोत.

१९६५ च्या युद्धानंतर ये-जा आणखी आटली. व्हिसा मिळणे कठीण झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची वाटही बंद झाली. सख्ख्या भाच्याचे लग्न असले तरी आत्याला ते मोबाइलच्या पडद्यावरच पाहावे लागते.

कराचीच्या कोकणी घरांत नव्या पिढीची बोली उर्दू झाली आहे. लग्नात मायों, मेहंदी, बारात सगळे आले आहे, कारण शेजार तसा आहे. पण सांदण तिथल्या कोकणी घरांत अजून ओळखले जाते. तिथे नारळ बहुतांश बाहेरून येतो, तांदूळ वेगळा, हवा कोरडी. तरी करतात. आपण कुठले, हे सांगायला त्यांच्याकडे आता बोली फारशी उरली नाही, गाव पाहता येत नाही. जिभेवर आहे तेवढेच उरले आहे. म्हणून ते जपतात. इकडे नारळ परसात पडलेला असतो, म्हणून त्याची किंमत वाटत नाही.

बापाच्या खिशाची गोष्ट

नक्कल करण्यात वाईट काही नाही. कपडा आवडला, घातला. कोरमा चांगला लागला, खाल्ला. रिवाज असेच फिरत आले आहेत. प्रश्न आहे तो त्यामागून येणाऱ्या खर्चाचा. निकाह आणि वलीमा या दोन कार्यक्रमांचे लग्न मालिकेच्या हिशेबाने पाच-सहा कार्यक्रमांचे होते. प्रत्येकाला वेगळा कपडा, वेगळी सजावट, वेगळे जेवण. मुलीकडच्यांनी जेवण द्यावे असा धर्माचा आग्रह नाही. तरी सर्वांत मोठी पंगत त्यांच्याच गळ्यात पडते. मच्छीमारीवर किंवा आखातातल्या मजुरीवर चालणाऱ्या घराला हे कर्ज काढल्याशिवाय जमत नाही. आणि मेहर? ती मात्र कागदावर उधार राहते. ज्या एका पैशावर मुलीचा खरा हक्क, तोच तिला मिळत नाही.

विशेष हे की, ज्या देशाच्या नावाने हा थाट चालतो, तो देशच या थाटाने हैराण आहे. पाकिस्तानने १९७६ साली कायदा करून हुंड्यावर ५,००० आणि लग्नाच्या खर्चावर २,५०० रुपयांची मर्यादा घातली. १९९७ साली तर लग्नात जेवण देण्यावरच बंदी आणली. पाहुण्यांना फक्त गरम किंवा थंड पेय देता येई. पुढे पंजाब प्रांताने २०१६ च्या कायद्यात मधला मार्ग काढला. लग्नात एकच कालवण, सोबत भात, रोटी किंवा नान, कोशिंबीर, एक गोड पदार्थ आणि पेय. आणि रात्री दहाला कार्यक्रम बंद. मोडल्यास दंड आणि कैद. हा ‘वन डिश’ कायदा पंजाबात सगळ्यांच्या तोंडी आहे. मालिकांतली न संपणारी जेवणे पाहणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते. सरकारला सासूबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन पदार्थ मोजावे लागले, यातच त्या थाटाची किंमत कळते.

आपल्याकडे त्यासाठी पोलीस लागण्याचे कारण नाही, जमात आहे. कोकणातल्या गावांत जमातीचा शब्द अजून चालतो. डीजे नको, फटाके नकोत, मुलीकडून जेवण घेऊ नये, असे जमातीने ठरवले आणि मोहल्ल्यातल्या पहिल्या श्रीमंत घराने ते पाळले की बाकीच्यांची सुटका होते. गरिबाने साधे लग्न केले तर लोक म्हणतात, ऐपत नव्हती. श्रीमंताने केले तर तो रिवाज होतो. म्हणून सुरुवात वरून व्हावी लागते.

ईदनंतरच्या लग्नांच्या याद्या सध्या घराघरांत लिहिल्या जात आहेत. असर आणि मगरीबच्या मधल्या वेळात, इफ्तारची फळे चिरता चिरता, कुणाला बोलवायचे आणि काय रांधायचे याची बोलणी चालू आहेत. त्या यादीतून एखादा कार्यक्रम खोडता येईल. त्यातून वाचलेल्या पैशांत मेहर रोख देता येईल. आणि मेन्यूच्या कागदावर कोरम्याच्या शेजारी सांदण लिहिता येईल. मग मात्र आचाऱ्याला नव्हे, मोहल्ल्यातल्या जाणत्या बाईला बोलवावे लागेल, आणि तिच्या हाताखाली दोन तरण्या मुलींना बसवावे लागेल. पीठ कधी फुगले हे तिला अजून वासावरून कळते.